थकलेले खमीर आणि फळांचे कॉब्लर

ज्या घरात पावासाठी आंबट खमीर बाळगलेले असते त्या घरात नित्य काही पीठ वाया जाते, ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. गव्हाचे पीठ आणि पाणी समभाग कालवून झाकून ठेवले, आणि रोज त्यातला काही अंश काढून उरलेल्यात ताजे पीठ व ताजे पाणी घालीत राहिले, म्हणजे आठवड्या-दोन आठवड्यांत त्या मिश्रणात रानटी यीस्ट आणि दुग्धाम्ल निर्माण करणारे जीवाणू यांची एक स्थिर वसाहत नांदू लागते; पाश्चात्त्य देशांत ज्याला सावरडो म्हणतात त्या आंबट पावाचे सारे मर्म या वसाहतीत साठविलेले असते. परंतु तिचा जमाखर्च मोठा विलक्षण आहे. बरणीत 50 ग्रॅम खमीर असेल तर त्याला निदान तितकेच पीठ आणि तितकेच पाणी द्यावे लागते, म्हणजे एका खुराकाने त्याचे 150 ग्रॅम होतात. काहीही न काढता त्या 150 ग्रॅमांनाही त्याच प्रमाणात पोसावयाचे ठरविले तर दुसऱ्या खुराकाअंती 450 ग्रॅम, आणि याच गतीने सातव्या खुराकाअंती सुमारे 109 किलोग्रॅम खमीर घरात साचेल. उलटपक्षी, खमीर वाढत गेले तरी खुराक मात्र पहिल्याइतकाच ठेवावा, तर खाणारे फार आणि अन्न थोडे अशी स्थिती होऊन आम्लाचा साठा वाढतो, यीस्ट निस्तेज होते आणि पाव फुगविण्याचे खमिराचे सामर्थ्यच नाहीसे होते. तेव्हा पोसण्यापूर्वी दोनतृतीयांश भाग बाजूला काढून ठेवण्याचा शिरस्ता मोडता येत नाही, आणि या काढलेल्या भागाचे करावयाचे काय, हा प्रश्न प्रत्येक खमीर पाळणाऱ्यापुढे नित्य उभा राहतो.

2020 सालच्या वसंतात, महामारीमुळे माणसे घरात कोंडली गेली आणि अमेरिका-युरोपातील दुकानांतून यीस्टच्या पुड्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा असंख्य कुटुंबांनी प्रथमच असे खमीर धरले, आणि त्याबरोबरच हा शिल्लक राहणाऱ्या पिठाचा प्रश्नही घरोघर पोहोचला. त्याची जी अनेक उत्तरे त्या लोकांत रूढ आहेत, त्यांत अमेरिकेचे जुने घरगुती पक्वान्न जे फळांचे कॉब्लर, म्हणजे फळांवर पिठाचे गोळे टाकून भाजलेला पदार्थ, ते मला सर्वांत सयुक्तिक वाटते. सयुक्तिक अशासाठी, की शिळ्या खमिराच्या ज्या ज्या गुणाला पाव करणारा दोष म्हणतो, तो तो गुण कॉब्लरला हवासा असतो. आणि हे केवळ योगायोगाने जुळलेले नसून त्यामागे पिठाचे, आम्लाचे आणि क्षाराचे एक सुसंगत रसायन आहे. ते नीट समजावून घेतले म्हणजे शिलकी खमीर ही टाकाऊ वस्तू नव्हे, तर हाती आयता आलेला एक तयार ऐवज आहे, हे पटावयास वेळ लागत नाही.

प्रथम हे शिळे खमीर म्हणजे काय, ते पाहू. ताजे पोसलेले खमीर घट्टसर, बुडबुड्यांनी भरलेले आणि मधुर वासाचे असते. तेच खमीर दोनचार दिवस उपाशी राहिले, विशेषतः शीतकपाटात आठवडाभर राहिले, की बसते, सैल होते, आणि त्यावर मद्यार्क मिसळलेले करडे पाणी तरंगू लागते. त्याची आम्लता तोपर्यंत पुष्कळ वाढलेली असून त्याचा सामू साडेतीनच्या आसपास उतरलेला असतो, म्हणजे ते साधारण संत्र्याच्या रसाइतके आंबट झालेले असते. या आम्लात मुख्यत्वे दोन द्रव्ये असतात : एक दुग्धाम्ल, ज्याची चव दह्यासारखी सौम्य असते, आणि दुसरे शिरक्यातले ॲसिटिक आम्ल, ज्याचा दर्प नाकाला झोंबतो. खमीर सैल आणि उबदार ठेवले तर पहिले अधिक होते, घट्ट आणि गार ठेवले तर दुसऱ्याचे प्रमाण वाढते. याशिवाय गव्हातच असलेली प्रथिने तोडणारी विकरे आम्लात जोरावतात, आणि पावाला ताण व आकार देणारे जे ग्लुटेनचे जाळे ते हळूहळू विसविशीत करून टाकतात. पाव करणाऱ्याच्या दृष्टीने ही सारी अवनती होय. कारण त्याला हवे असते ते फुगविण्याचे बळ आणि वायू धरून ठेवणारी चिवट कणीक, आणि या दोन्ही गोष्टी आता संपुष्टात आलेल्या असतात.

या वसाहतीचा अंतर्गत कारभार कसा चालतो, याचा उलगडा होण्यास विसावे शतक अर्धे उलटावे लागले, आणि तो झाला सॅन फ्रान्सिस्कोच्या पावामुळे. 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता फुटली आणि दुसऱ्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को हे लहानसे बंदर माणसांनी भरून वाहू लागले. त्याच 1849 साली इसिडोर बूदँ नावाच्या फ्रेंच वंशाच्या पावकऱ्याच्या घराण्याने तेथे जी भट्टी घातली ती आजही चालू आहे, आणि 1906 च्या भूकंपात व त्यामागून आलेल्या आगीत लुईज बूदँ हिने मूळ खमीर एका बादलीत घालून वाचविले, असे त्या घराण्याच्या परंपरेत अभिमानाने सांगितले जाते. या शहराच्या पावाची आंबट चव अन्यत्र साधत नाही, अशी ख्याती शंभर वर्षे टिकून होती. अखेर 1971 साली कॅलिफोर्नियातीलच ऑल्बनी येथील सरकारी कृषिसंशोधनशाळेतील लिओ क्लाइन व फ्रँक सुगिहारा यांनी त्या खमिराची रीतसर तपासणी करून दाखविले, की त्यातले यीस्ट आणि त्यातला जीवाणू यांच्यात अन्नाची वाटणी झालेली आहे. पिठातील पिष्टापासून निघणारी माल्टोज नामक शर्करा त्या यीस्टला पचतच नाही. जीवाणू मात्र मुख्यत्वे तीच खातो, आणि ती फोडताना निघालेल्या ग्लुकोजचा काही भाग बाहेर टाकतो, जो यीस्टच्या उपयोगी पडतो. शिवाय जीवाणू जे तीव्र आम्ल निर्माण करतो ते इतर बहुतेक उपऱ्या जीवांना मारक असले, तरी हे यीस्ट ते निमूटपणे सोसते. अशा रीतीने दोघांच्या हक्कांचा तंटा न होता उभयतांचे शेकडो वर्षे एकत्र चालते. त्या जीवाणूला शास्त्रज्ञांनी शहराचेच नाव दिले. पुढे मात्र तो युरोपातील कित्येक खमिरांतही सापडला, आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चार खंडांतून गोळा केलेल्या 500 खमिरांच्या पाहणीत तर असे दिसून आले, की खमिरात कोणते जीव नांदतील हे ते कोणत्या गावचे आहे यावरून फारसे सांगता येत नाही.

शिळे पीठ राखून ठेवून त्याने नवे पीठ फुगविण्याची युक्ती मात्र अतिप्राचीन आहे. रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी याने पहिल्या शतकात तिची नोंद केली असून, गॉल आणि स्पेन येथील लोक त्याऐवजी बिअरचा फेस वापरतात, असेही तो सांगतो. आपल्याकडे गोव्याच्या पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, त्याच कामासाठी माडीचा उपयोग केला. तथापि खमीर हे प्रवासाचा सोबती म्हणून जसे उत्तर अमेरिकेत मिरवले, तसे ते अन्यत्र क्वचितच मिरवले असेल. 1896 मध्ये कॅनडातील क्लॉन्डाइक नदीच्या खोऱ्यात सोने सापडले, तेव्हा तिकडे निघालेल्या प्रत्येकाने एक वर्ष पुरेल इतका शिधा बरोबर आणलाच पाहिजे, अशी सरहद्दीवरच्या पोलिसांची सक्त ताकीद असे. त्या शिध्यात पिठाचा वाटा मोठा, आणि ते पीठ खाण्याजोगे करावयाचे तर खमीर हवेच. उणे तापमानात ते गोठून मरू नये म्हणून माणसे त्याची पिशवी अंगाशी धरून वागवीत, आणि ज्याने तेथला एक अख्खा हिवाळा काढला आहे अशा मुरलेल्या माणसालाच त्या मुलखात ‘सावरडो’ हे बिरुद मिळे. या परंपरेतील एक गोष्ट मला फार हृद्य वाटते. कार्ल ग्रिफिथ नावाचे अमेरिकी वायुदलातील एक निवृत्त कर्नल होते. 1847 साली त्यांचे पूर्वज मिसूरीहून ऑरेगनकडे गाड्यांच्या तांड्याबरोबर निघाले तेव्हा जे खमीर बरोबर होते, तेच कुलपरंपरेने आपल्यापाशी आले आहे असे ते सांगत, आणि स्वतःचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट जो कोणी पाठवील त्याला ते सुकविलेले खमीर विनामूल्य धाडीत. 2000 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या स्नेह्यांनी हे दान तसेच चालू ठेवले. वतन म्हणून जे मिळाले ते असे मागेल त्याला वाटून टाकणे, यासारखे औदार्य विरळा.

आता कॉब्लरकडे वळू. इंग्लंडातून आलेल्या वसाहतवाल्यांच्या अंगवळणी दोन प्रकार पडलेले होते : एक, पिठाच्या पारीत फळ वा मांस भरून भट्टीत भाजावयाचा पाय, दुसरा, चरबी घातलेले पीठ कापडात बांधून उकडावयाचे पुडिंग. नव्या मुलखात, विशेषतः पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या कुटुंबांपाशी, ना बांधीव भट्टी होती ना नाजूक पारी लाटावयाची सोय. होते ते तीन पायांचे, उभ्या काठाचे झाकण असलेले बिडाचे जड भांडे, ज्याच्या खाली निखारे सारावयाचे आणि झाकणावरही निखारे ठेवावयाचे, म्हणजे दोहोंकडून आंच लागून त्याचीच भट्टी होते. या भांड्यात हाती लागेल ते फळ, ताजे नसले तर सुकविलेले, साखरपाण्यात शिजवावयाचे आणि त्यावर जाडेभरडे पीठ गोळ्यागोळ्यांनी टाकून झाकण लावावयाचे, असा हा पदार्थ जन्मास आला. 1859 साली छापलेल्या अमेरिकी शब्दांच्या कोशात जॉन रसेल बार्टलेट याने त्याचे वर्णन भांड्यात भाजलेला, फार जाड पिठाचा एक प्रकारचा पाय असे केले आहे, यावरून त्या सुमारास तो पुरता रुळलेला होता हे उघड होते. न्यू इंग्लंडमध्ये हेच पीठ फळांवर टाकून चुलीवरच वाफवीत. कोठे पिठाऐवजी शिळ्या पावाचा चुरा घालीत. अशी त्याची भावंडे पुष्कळ असून प्रत्येकाचे नाव निराळे आहे, पण त्या वंशावळीत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

फळांत पीचला या पदार्थात जो मान आहे तो त्या देशाच्या दक्षिण भागामुळे. हे झाड मूळचे चीनमधले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर नेले, आणि तेथल्या मूळ रहिवाशांनी त्याच्या बागा इतक्या दूरवर पसरविल्या की मागाहून आलेल्या इंग्रजांना ते झाड त्याच भूमीतले वाटावे. 1870 नंतरच्या दशकात जॉर्जिया राज्यातील मार्शलव्हिल येथे सॅम्युअल रम्फ याने ‘एल्बर्टा’ ही जात सिद्ध केली आणि तिला आपल्या पत्नीचे नाव दिले. तिचे फळ मोठे, पिवळ्या गराचे, बाठ्यापासून सहज सुटणारे आणि दूरच्या बाजारापर्यंत टिकणारे असल्याने उन्हाळ्याच्या मोसमात पीच उत्तरेकडच्या शहरांतही सुलभ झाले. चुलीवरच्या भांड्यातले पक्वान्न नागरी घरांत शिरले ते बऱ्याच अंशी या फळाच्या बळावर.

खमीर आणि कॉब्लर या दोहोंना जोडणारा तिसरा घटक म्हणजे खाण्याचा सोडा. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील गृहिणी लाकडाच्या राखेपासून काढलेला शुद्ध क्षार पिठात घालू लागल्या होत्या. अमेरिकन लेखिकेने लिहिलेले पहिले अमेरिकी पाकपुस्तक म्हणून ज्याचा लौकिक आहे, त्या अमेलिया सिमन्स हिच्या 1796 च्या ग्रंथात असा क्षार घालावयास सांगितलेले आढळते. 1846 मध्ये न्यूयॉर्क येथे ऑस्टिन चर्च व जॉन ड्वाइट यांनी सोडियम बायकार्बोनेट विकावयास आरंभ केला, आणि थोड्याच काळात राखेचा क्षार मागे पडला. परंतु सोडा एकटा घातला तर पिठाला कडवट, साबणासारखी चव येते. त्याला आम्लाची जोड मिळाली तरच तो पुरता खर्ची पडून कर्बद्विप्राणिल वायू मोकळा होतो. आंबट ताकात भिजविलेल्या ढोकळ्याच्या पिठात ऐनवेळी सोडा घालताच जो फेस उसळतो, त्यात घडते ते हेच. बेकिंग पावडर हा त्यानंतरचा शोध; तीत सोडा आणि कोरडे आम्ल ही दोन्ही एकत्र बांधलेली असतात. पण ज्यांच्यापाशी तशी पावडर नव्हती त्यांना आम्ल हवे असे, आणि ते खमिरात आयते होते. 1866 मध्ये टेक्सासमधील गुरांचे मोठे मालक चार्ल्स गुडनाइट यांनी लष्कराच्या जुन्या गाडीवर कपाटे चढवून काउबॉयांच्या तांड्यासाठी जी भटारखान्याची गाडी सिद्ध केली, तिच्यात खमिराचे पिंप हे आचाऱ्याचे पहिले धन असे. त्यातले खमीर काढून, पीठ व चरबी मिसळून आणि चिमूटभर सोडा घालून तो बिडाच्या भांड्यात बिस्किटे भाजी, आणि मर्जी असली म्हणजे त्याच पिठाखाली भिजविलेली सुकी सफरचंदे वा पीच घालून तांड्याला गोड खाऊ घाली. थोडक्यात, आज शिलकी खमिराचे कॉब्लर म्हणून जे नव्या युक्तीप्रमाणे सांगितले जाते, त्याची वहिवाट निदान दीडशे वर्षांची आहे.

आता वर सांगितलेल्या दोषांचे गुण कसे होतात, ते पाहणे सोपे आहे. कॉब्लरचे पीठ फुगविण्याचे काम यीस्टकडे नसतेच; ते सोड्याकडे असते, आणि सोड्याला हवे ते आम्ल. म्हणून खमीर जितके थकलेले, म्हणजे जितके आंबट, तितके ते या कामी अधिक उपयोगाचे. दुसरे असे, की पावाला लागणारी चिवट कणीक येथे मुळीच नको असते. वरचा थर चमच्याने सहज तुटला पाहिजे, आणि प्रथिनांचे जाळे आधीच विसविशीत झालेल्या खमिराने तो मऊपणा विनासायास साधतो. तिसरे, प्रथिने तुटल्यामुळे त्यात सुटी अमिनो आम्ले पुष्कळ असतात. भाजताना ती शर्करेशी संयोग पावून तपकिरी रंग आणि खमंगपणा निर्माण करतात. एरवी आम्लता ही या क्रियेच्या आड येते, आणि त्यामुळे फार आंबट पाव फिकट राहतो. पण येथे सोड्याने बरेचसे आम्ल शमविलेले असल्याने तो अडसर दूर होतो. जे थोडे आम्ल उरते ते फळाच्या गोडीला धार आणते. साखर आणि लोणी यांनी जड झालेल्या पक्वान्नात ही किंचित आंबट छटा मला तरी लिंबाच्या फोडीपेक्षा अधिक खोल वाटते, कारण ती वरून शिंपडलेली नसून पिठाच्या अंतरंगातून आलेली असते.

प्रत्यक्ष कृतीचा तपशील असा. एक किलो पिकलेली पीच घ्यावीत. ती उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाकली म्हणजे साल हाताने सुटते. त्यांच्या जाडसर फोडी करून त्यांत 100 ग्रॅम साखर, चमचाभर लिंबाचा रस, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ आणि आवडत असल्यास किसलेले जायफळ मिसळावे, व दोन लिटर मावतील अशा पसरट भांड्यात ते घालून भट्टी 190 अंश सेल्सियसवर तापवून पंधरा मिनिटे आत ठेवावे. ही पंधरा मिनिटे पुष्कळजण वाचवितात, आणि तेथेच पदार्थ बिघडतो. कारण गार फळांवर पीठ टाकले तर वरून ते सोनेरी होईपर्यंत खालचा भाग रसात भिजून कच्चाच राहतो, आणि उकळत्या फळांवर टाकले तर खालूनही त्याला तत्काळ वाफ लागते.

फळे भट्टीत असतानाच पीठ तयार करावे. 120 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम साखर, अर्धा चहाचा चमचा मीठ, एक चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा एकत्र चाळून त्यांत 85 ग्रॅम थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी चुरावे. लोण्याचे हरभऱ्याएवढे तुकडे राहिले पाहिजेत, ते वितळून पिठात विरता कामा नये, कारण भट्टीत त्या तुकड्यांतील पाण्याची वाफ होऊनच पीठ पदरांनी सुटते. मग 240 ग्रॅम शिळे खमीर, वर साचलेले करडे पाणी त्यातच ढवळून, आणि चार मोठे चमचे दूध असे ओतून काट्याने जेमतेम एकजीव होईल इतकेच हलवावे. येथे एक दृश्य मुद्दाम पाहण्याजोगे असते : खमीर कोरड्या पिठाला स्पर्श करताच कडेने बारीक बुडबुडे उमटू लागतात, ओले पीठ हलके हलके वर येते, आणि काट्याने ओढले असता फाटून आतली जाळी दिसते. हा वायू थांबणारा नसतो. म्हणून मिश्रण झाल्यावर विलंब न लावता त्याचे ओबडधोबड गोळे गरम फळांवर टाकावेत, आणि गोळ्यांमध्ये मुद्दाम फटी सोडाव्यात, म्हणजे खालची वाफ कोंडणार नाही. बेकिंग पावडर घालण्याचा हेतूही हाच, की सोड्याचा वायू बराचसा कालवतानाच निघून जातो, तर पावडरीतला काही भाग भट्टीच्या उष्णतेनेच जागा होतो.

चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत पदार्थ होतो, पण घड्याळापेक्षा रसाकडे पाहणे बरे. आरंभी फटींतून उसळणारा रस पातळ, फेसाळ असतो आणि त्याचे बुडबुडे चटकन फुटतात. कॉर्नफ्लोअरमधील पिष्टाचे कण फुगून फुटले की तोच रस दाटतो, बुडबुडे मोठे, संथ आणि तकतकीत होतात, व भांड्याच्या मध्यभागीही तसेच दिसू लागतात. कडेला असे बुडबुडे दिसले आणि मध्ये नाहीत, तर ते काम अपुरे समजावे. पिठाच्या जाड गोळ्यात सुरी खुपसून ती कोरडी निघाली म्हणजे भांडे बाहेर काढावे, आणि अर्धा तास तरी त्याला हात लावू नये. दाटलेला रस निवतानाच आपले खरे रूप धारण करतो.

सोड्याच्या प्रमाणाबद्दल मात्र सावध असावे, कारण प्रत्येक बरणीची आम्लता निराळी असते. या बाबतीत निसर्गानेच एक साक्षीदार पुरविला आहे. पीचऐवजी ब्लूबेरी वा ब्लॅकबेरी यांसारखी जांभळी फळे घेतली, तर त्यांच्या रसातील अँथोसायनिन नामक रंगद्रव्य आम्लात तांबडे, उदासीन द्रवात जांभळे-निळे आणि क्षारात हिरवट होते. सोडा आम्लापेक्षा अधिक पडला असेल तर पीठ आणि रस जेथे भेटतात त्या कडेला निळसर-हिरवी रेघ उमटते, आणि योग्य पडला असेल तर तीच कड गुलाबी राहते. प्रयोगशाळेत लिटमसचा कागद जे सांगतो ते येथे फळच सांगून टाकते. अशी हिरवी कड दिसली तर पुढच्या खेपेस सोडा अर्धा करावा व पावडर तेवढीच ठेवावी. ताज्या पोसलेल्या, गोडसर खमिराचे कॉब्लर करावयाचे असेल तर सोडा जवळजवळ वर्ज्यच करावा, कारण त्यात त्याला भिडण्यापुरते आम्लच नसते. अशा वेळी पावडरीवर सारा भार टाकलेला बरा, पण मग शिळ्या खमिराची ती चवही मिळणार नाही हे मनाशी धरावे.

शिलकी भाग एकाच दिवशी 240 ग्रॅम निघत नाही, म्हणून त्याची निराळी बरणी शीतकपाटात ठेवून रोजच्या रोज तीत भर घालीत जाण्याची पद्धत आहे. एकदोन आठवड्यांपर्यंत असा साठा उत्तम राहतो, आणि त्याची आंबट धार उलट वाढत जाते. त्यावर करडे पाणी आले, मद्याचा वा शिरक्याचा वास आला, तर ते स्वाभाविक समजून निर्धास्त ढवळावे. परंतु पृष्ठभागावर बुरशीचे केस दिसले, किंवा गुलाबी अथवा नारिंगी छटा उमटली, तर ती परकीय जीवांची शिरजोरी होय, आणि अशा बरणीतले सारे खमीर कोणतीही हळहळ न करता टाकून, बरणी उकळत्या पाण्याने धुऊन घ्यावी. कच्चे पीठ, मग ते कितीही आंबलेले असो, चाखून पाहू नये, कारण गव्हाच्या पिठात रोगजंतू असू शकतात आणि त्यांचा निकाल भट्टीतच लागतो. उरलेले कॉब्लर दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टीत 160 अंशांवर पंधरावीस मिनिटे तापवावे, म्हणजे वरचा थर परत कुरकुरीत होतो. मायक्रोवेव्हमध्ये तो भिजट होऊन बसतो.